क्रीडांगण आणि विद्यापीठाचा दरवाजा

अमेरिकेतील हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन प्रभृती आठ नामांकित विद्यापीठे, ज्यांच्या संघास आयव्ही लीग म्हणतात, ती क्रीडानैपुण्यासाठी कोणासही शिष्यवृत्ती देत नाहीत. तथापि प्रवेशाच्या कामी तेथे खेळाचे वजन किती, हे हार्वर्डविरुद्धच्या प्रवेशविषयक एका दाव्याची सुनावणी 2018 साली होऊन प्रवेशकचेरीचे दप्तर न्यायालयापुढे उघडे झाले, तेव्हा जगास कळले. संघाच्या प्रशिक्षकाने निवडलेल्या खेळाडूंपैकी शेकडा 80 हून अधिकांना प्रवेश लाभला होता. इतर अर्जदारांत हेच प्रमाण शेकडा 10 देखील नव्हते.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. शाळेच्या संघातून केवळ खेळल्याने फारसे साधत नाही. प्रशिक्षकास आपल्या संघासाठी तो विद्यार्थी हवा असावा लागतो. मग त्याचे गुण आधी तपासले जातात आणि ते पुरेसे ठरल्यास, शाळेच्या अखेरच्या वर्षी, ऑक्टोबरपासूनच, प्रवेश बहुधा मिळेल असे पत्र त्याच्या हाती पडू शकते.

गुणी खेळाडूचा हा सन्मान मला मान्य आहे. परंतु नौकावहन, तलवारबाजी, स्क्वॉश या खर्चिक खेळांचे शिक्षण गरिबाच्या मुलास कोठून मिळावे, हा प्रश्न मनास क्लेश देतो. आणि धनिकांना तेवढ्यानेही समाधान नव्हते: 2019 साली उघडकीस आलेल्या प्रकरणात काही पालकांनी प्रशिक्षकांना लाच चारून, व्यायामाच्या वल्हेयंत्रावर बसवून काढलेली छायाचित्रे पुरावा म्हणून जोडून, आपली मुले खेळाडू म्हणून दाखल केली होती.