घरचा जनरेटर

लखनौ शहरात गोमतीच्या पैलतीरी गोमती नगर ही आखीव वसाहत वसली आहे. विपुल खंड, विनय खंड, विराम खंड अशी तिच्या भागांची नावे. येथील गृहस्थाचे पाणी, वारा आणि उजेड ही तिन्ही विजेच्या तारेला बांधलेली असतात. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेचे वीजजाळे लागोपाठ कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतही त्यात ओढला गेला, आणि सुमारे ६० कोटी लोकांची वीज गेली.

असा प्रसंग विरळा. पण उन्हाळ्याच्या रात्री दोन तास जरी वीज गेली, तरी दुसऱ्या दिवशी माणूस जनरेटर घ्यायला निघतो आणि दुकानात आधी किंमत विचारतो. वास्तविक पहिला प्रश्न घरीच सोडवायचा असतो. वीज नसताना काय काय चालले पाहिजे?

हा हिशेब कागदाच्या चिटोऱ्यावर मावतो. चार पंख्यांचे ३०० वॅट, दिव्यांचे ५०. एवढ्यासाठी एंजिन हवेच कशाला? १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी जोडलेला इन्व्हर्टर हा भार सुमारे तीन तास पेलतो. धूर नाही, आवाज नाही. फ्रिज आणि पाण्याचा पंप आला, की गोष्ट बदलते. एक अश्वशक्तीचा पंप चालताना साधारण १,००० वॅट घेतो. पण सुरू होतेवेळी त्याचा प्रवाह कित्येक पटींनी चढतो. तो धक्का न सोसणारे यंत्र, नामांकित असले तरी, ऐन वेळी बंद पडते. पंप आणि फ्रिज एकाच क्षणी सुरू न करण्याची शिस्त पाळली, तर लहान यंत्रावरही भागते.

पेट्रोलचे लहान यंत्र स्वस्त खरे; पण एका युनिटामागे ते अर्ध्या लिटरच्या आसपास इंधन खाते. डिझेलचे यंत्र महाग व जड, मात्र कमी खाणारे. क्वचित गरज असणाऱ्याने पहिले घ्यावे, रोज तासन्‌तास चालवणाऱ्याने दुसरे. सुटे भाग आणि दुरुस्त करणारा कारागीर गावातच मिळतो की नाही, हेही आधी पाहावे. महिन्यातून एकदा यंत्र चालवून पाहावे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो.

काटकसर मात्र दोन ठिकाणी करू नये. यंत्र जिन्याखाली किंवा बंद खोलीत ठेवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागेही करीत नाही. दुसरे म्हणजे चेंजओव्हर स्विच. तो नसेल, तर घरातली वीज उलट बाहेरच्या तारेत शिरते; ट्रान्सफॉर्मर तिला ११,००० व्होल्टपर्यंत चढवू शकतो. त्या वेळी खांबावर वायरमन असतो, तार मृत आहे अशा भरवशावर. आपल्या घरातील दिव्यासाठी त्याच्या घरचा दिवा विझू नये, एवढे ज्या यंत्राने साधते तेच खरे विश्वासाचे.