गिरगावातले तीन दिवस

दिवाळीनंतर आम्ही गटातल्या सहाजणी मुंबईला जाऊन आलो. कामाला नव्हे, नुसतं फिरायला. गटाच्या बचतीला हात लावला नाही, वर्षभर वेगळी भिशी केली. तरी ‘बायका एकट्या?’ हे ऐकावं लागलंच. सहाजणी एकट्या कशा, ते आम्हाला काही कळलं नाही.

गिरगावात खोताच्या वाडीजवळ भाड्याने दोन खोल्या मिळाल्या. चर्नी रोड स्टेशनपासून चालतच गेलो. वाटलं होतं, मुंबईत झोप कसली लागतेय! पण वाडीत अशी शांतता, की सकाळी कावळ्यांनीच उठवलं. अरुंद बोळ, लाकडी जिन्यांची, ओट्यांची जुनी घरं. काही पाडून तिथे उंच इमारती झाल्यात.

चौपाटी पाहिली. 1893 पासून सार्वजनिक गणपती बसतो ती केशवजी नाईकांची चाळही पाहिली. पण बोलत राहिलो ते लिज्जतबद्दल. याच गिरगावात 1959 साली सात बायकांनी 80 रुपये उसने घेतले आणि गच्चीवर पापड लाटायला बसल्या. आम्हीही पापडच करतो. पण फिरता निधी मिळूनही धास्तीने वर्षभर बँकेतच ठेवलाय.

आमच्यातली एक लग्नानंतर बावीस वर्षांत माहेर सोडून कुठे राहिली नव्हती. पहिल्या रात्री तिला घरून चार फोन, म्हशीचं काय, भाकरीचं काय. तिसऱ्या रात्री फोन वाजत राहिला आणि ही खिडकीत बसून बोळातली माणसं बघत होती.

परतल्यावर पहिल्याच बैठकीत निधी काढायचा विषय तिनेच काढला. उडीद डाळीचे भाव विचारून आलोय. सोमवारी बँकेत जातोय.