वाटेतला मुक्काम

वर्धा-हिंगणघाटकडच्या मुलीने लग्नानंतर परदेशी जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. नवरा अमेरिकेचा नागरिक, हिचा व्हिसा मुंबईच्या वकिलातीतून झालेला. मग दोघांच्या मनात येते, जाता जाता चार दिवस लंडन पाहावे. हौसच ती, तिला नावे ठेवू नयेत. पण आधी कागद पाहावा.

हा व्हिसा फार तर ६ महिन्यांचा. त्यावरच्या तारखेच्या आत अमेरिकेत पोचलेच पाहिजे. लंडनला विमान बदलणे निराळे, राहणे निराळे. राहायचे तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. वकिलातीने सीलबंद पाकीट दिले असेल तर ते फोडू नये.

खरी गोम पुढेच आहे. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला २ वर्षे पुरी नसतील तर कार्ड मिळते २ वर्षांचे, तेही सशर्त. मग पुन्हा अर्ज, पुरावे, फी. पुरी असतील तर १० वर्षांचे. तेव्हा पंचांगातली तिथी नव्हे, दाखल्यावरची तारीख पाहा. लग्नाचा दुसरा वाढदिवस तीन-चार दिवसांवर असेल तर हा मुक्काम चैन कसली, शहाणपणच! मात्र व्हिसावर जुनाच वर्ग छापलेला असतो. दाखला दाखवून अधिकाऱ्याला आपणच सांगावे.

अन् मुक्काम अबू धाबीला केलात, तर २०१४ पासून अमेरिकेची तपासणी तिथल्याच विमानतळावर होते. दाखला लोणच्याच्या बरणीशेजारी मोठ्या पेटीत नको, हातातल्या पिशवीत हवा.