गाडी घ्यावी का? आधी खेपा मोजू या

आम्ही मंगळवेढ्याकडच्या एका बचत गटातल्या बारा जणी. मालदांडी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हा आमचा धंदा. सध्या आमच्या गटात एकच विषय चाललाय, जुनी गाडी घ्यायची की नाही. अजून गाडी घेतलेली नाही. पण दोन महिने जी चौकशी केली, जे हिशेब मांडले, ते तुमच्याही कामाला येतील, म्हणून आज बोलतोय.

गाडी आहे ईको. सात वर्षं वापरलेली, पेट्रोलवरची, पांढऱ्या पाटीची. पुढच्या-मधल्या सीटवर पाच जणं आणि मागं डबे-पोती ठेवायला ऐसपैस जागा. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हापासून आपल्याकडं माल आणि माणसं दोन्ही न्यायची म्हटलं की ईकोचंच नाव निघतं. मालक २ लाख ६० हजार म्हणतोय. वर सांगतो, "ताई, सुझुकी म्हणजे जपानची कंपनी, इंजिनाकडं बघायलाच नको." इंजिन जपानी असेल हो, पण सात वर्षं ते आमच्याच धुळीत आणि खड्ड्यांत पळालंय. आम्ही बघणारच.

आधी हिशेब. आज आम्ही भाड्याचा छोटा हत्ती करतो. पंढरपूरची दुकानं आणि दोन आठवडी बाजार धरून आठवड्याला तीन खेपा, म्हणजे महिन्याला तेरा. एका खेपेला १,२०० रुपये. महिन्याचं भाडं झालं १५,६०० रुपये. एवढा आकडा ऐकला की वाटतं, कशाला दुसऱ्याचं घर भरायचं? स्वतःची गाडी घेऊ.

आमच्या कोषाध्यक्षताईंनी वही उघडली. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. भरलेली जुनी गाडी लिटरला चौदा देईल असं धरलं, तर पाच लिटर पेट्रोल, साधारण ५२५ रुपये. ड्रायव्हरला ३००. खेपेला झाले ८२५. म्हणजे एका खेपेमागं ३७५ वाचले, तेरा खेपांचे ४,८७५. त्यातून विमा, सर्व्हिसिंग, टायर, कधी क्लच, कधी बॅटरी. यासाठी महिन्याला अडीच हजार बाजूला काढलेच पाहिजेत. हातात राहिले २,३७५.

आता हेच २ लाख ६० हजार गटातच फिरत राहिले तर? आमच्यात शेकडा एक रुपया व्याजानं अंतर्गत कर्ज देतो. महिन्याला २,६०० रुपये व्याज येतं. म्हणजे गाडी घेऊन जेवढं वाचतं त्यापेक्षा जास्त पैसा, गाडी न घेता, आमच्याच पेटीत येतो. हे ऐकल्यावर बैठकीत कुणी बोलेना.

शिवाय तो पैसा नुसता पडून नसतो. जूनमध्ये पोरांच्या फिया असतात, सप्टेंबर-ऑक्टोबरला ज्वारीच्या पेरणीला बी-खत लागतं, कुणाच्या घरी दवाखाना निघतो. सगळी बचत गाडीत घातली तर त्या दिवसांत बाई कुणाकडं जाणार? परत सावकाराच्या नाहीतर आठवड्याच्या हप्त्यावाल्याच्या दारात. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "गाडी दारात उभी असताना माझ्या सुनेच्या बाळंतपणाला पैसे नाहीत म्हणाल, तर मी गाडीच विकायला लावीन." हसलो सगळ्या, पण बोलणं खरं होतं.

तरी गाडी नकोच असं आमचं म्हणणं नाही. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरला माल सगळ्यात जास्त खपतो आणि नेमकी तेव्हाच भाड्याची गाडी मिळत नाही. मिळाली तर भाव दुप्पट. रात्री परतताना मागं डब्यांमध्ये बसून यावं लागतं, ते धोक्याचं आहे आणि कायद्यातही बसत नाही. आपल्या गाडीत आपण सीटवर बसून येऊ, याची किंमत वहीत मांडता येत नाही, पण ती आहे.

म्हणून प्रश्न खेपांवर आला. आठवड्याला पाच खेपा झाल्या, म्हणजे महिन्याला एकवीस, तर वाचतात ७,८७५. जास्त पळाली म्हणून देखभालीला तीन हजार काढले तरी ४,८७५ उरतात. साडेचार वर्षांत गाडीची किंमत निघते. पुढं विकून काही येईल, पण ते आज धरायचं नाही.

मग शेजारच्या गटांचा माल भाड्यानं न्यावा, असं सुचलं. इथं थांबा. पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाडं मारता येत नाही. पकडलं तर दंड आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. त्यासाठी पिवळ्या पाटीची कार्गो ईको घ्यावी लागेल. तीन टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, पण फिटनेस लागतो, आठ वर्षं होईपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. आणि कार्गोत सीट दोनच. बाजारला चौघी जाणार असू तर बाकीच्या दोघींनी एसटीनं यायचं.

आता ज्या विषयावर आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला तो सांगतो. गाडी कुणाच्या नावावर? गटाचं बँकेत खातं आहे, पण गट नोंदणीकृत संस्था नाही, त्यामुळं आरसी बुक कुणातरी एकीच्या नावावर निघणार. दंडाची चलनं तिच्या नावावर येतील, कोर्टाची नोटीस तिलाच येईल. उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर वारस हक्क सांगतील. म्हणून पैसे कुणाचे किती, गाडी विकली तर वाटणी कशी, हे ठरावात आणि स्टॅम्प पेपरवर आधी लिहायचं. एकीचे मालक म्हणाले, "माझ्या नावावर करा, मीच चालवतो." त्यांना चहा दिला आणि विषय तिथंच ठेवला. किल्ली ज्याच्या खिशात असते, गाडी त्याच्या वेळेनं निघते.

यातच एक गोष्ट कळली. विम्यात मालक-चालकासाठी पंधरा लाखांचं अपघात संरक्षण असतं. त्यासाठी जिच्या नावावर गाडी, तिच्याकडंच लायसन्स हवं. म्हणजे चालवणारी बाईच मालकीण असलेली बरी. साधं कारचं लायसन्स पुरतं. साडेसात टनांच्या आतल्या मालगाडीलाही तेच चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. आमच्यातल्या दोघींनी शिकाऊ लायसन्स काढलंय. ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते.

गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी जा आणि आधी कळवू नका. इंजिन गार असताना चालू करायला लावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. टायरवर चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा, त्यावरून टायरचं वय कळतं. मॅट उचलून खालचा पत्रा गंजलाय का बघा. चार जणी आणि चार पोती घालून चढावर चालवून बघा. मेकॅनिक आपला न्या, विकणाऱ्याचा नको. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा आणि कर्जाचा बोजा तपासा, थकलेली ई-चलनंही बघा. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, नाव बदलेपर्यंत काही रक्कम राखून ठेवा, आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा पाटी बसवलीय का तेही बघा.

आमचा ठराव असा झालाय: दिवाळीपर्यंत भाड्याचीच गाडी. तोवर नवीन दुकानं शोधून खेपा पाचवर न्यायच्या. त्या झाल्या तर बचतीतले एक लाख गटातच राखून बाकीचेच गाडीला लावायचे, कमी पडतील ते बँकेतून. ईकोच्या मालकाला तसं सांगितलंय. तो म्हणाला, दिवाळीपर्यंत थांबत नाही. नाही थांबला तर दुसरी बघू.