चाळीस घोड्यांची हौस

स्पोर्ट्‌स कार म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती लालभडक, जमिनीला टेकलेली, दोनच माणसं मावतील अशी परदेशी गाडी. आणि लगेच वाटतं, हे काही आपल्या सोलापूरचं काम नाही. इथे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, उंच बांध्याच्या गाड्या आणि सात रस्त्याला सिग्नल सुटायच्या आधीच सुटलेल्या रिक्षा. मला आज थोडं वेगळं मांडायचं आहे. ज्याला गाडी चालवण्याची खरी हौस आहे, त्यानं हलकी, बेताच्या ताकदीची आणि हातानं गिअर बदलायची गाडी घ्यावी आणि तीच आपली स्पोर्ट्‌स कार मानावी, असं माझं मत आहे. खिशात पैसे नाहीत म्हणून नव्हे. पैसे असले तरीही.

मोटारीच्या धंद्याशी सोलापूरचं नातं आपण विसरलो आहोत, म्हणून आधी तेवढं सांगतो. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली याच गावात झाला. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात बनल्या पाहिजेत असा ध्यास घेतलेला हा माणूस. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. वालचंद 1953 साली गेले. त्यानंतर याच कारखान्यातून ती फियाट 1100 बाहेर पडू लागली, जिला मुंबईकरांनी पुढच्या नाकाडामुळे ‘डुक्कर फियाट’ असं नाव ठेवलं. पुढे तिच्याच घराण्यातली गाडी प्रीमियर पद्मिनी झाली, टॅक्सी झाली, आणि ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून कायमची उतरली. या गाड्यांचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या साध्या घरगुती मोटारीतही याच्या दुप्पट ताकद असते. पण मद्रासजवळ शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या धावपट्टीवर जेव्हा मोटारींच्या शर्यती होत, तेव्हा आपले हौशी लोक याच फियाट ठाकठीक करून पळवत. त्यांच्याकडे दुसरं होतं काय? पण त्यातूनच या देशात शर्यतीची परंपरा उभी राहिली.

कमी ताकदीच्या गाडीत माणूस चालवायला शिकतो, कारण तिथे गाडी त्याच्या चुका पोटात घालत नाही. भरपूर ताकद असली की वळणावर चुकीच्या गिअरमध्ये शिरलात तरी बिघडत नाही. पाय दाबला की गाडी ओढून नेते. छोट्या इंजिनात तसं चालत नाही. वळणाच्या आधी वेग किती ठेवायचा, गिअर कधी खाली आणायचा, क्लच सोडताना झटका बसू नये म्हणून अ‍ॅक्सिलरेटरला किती हात द्यायचा, खरं तर पाय द्यायचा, हे सगळं स्वतःला करावं लागतं. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती 800 चं इंजिन घालून शर्यतीची एक स्वस्त, एकाच माणसाची गाडी तयार केली. तिला फॉर्म्युला मारुती म्हणत. इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं, आपल्याकडे घरोघरी भाजी आणायला जायचं तेच. 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन याच गाडीवर शिकून पुढे गेला. कोइंबतूरच्या ट्रॅकला आज करिवर्धन यांचं नाव आहे. पायरी म्हणून जे इंजिन कार्तिकेयनला चाललं, ते आपल्याला कमी पडतं असं म्हणताना जरा विचार करावा.

आता मोठ्या ताकदीच्या गाडीचा हिशेब मांडू. मराठी माणसाला सगळ्यात ओळखीची स्पोर्ट्‌स कार म्हणजे सचिन तेंडुलकरची फेरारी. 2002 साली त्यानं ब्रॅडमन यांच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाट कंपनीनं त्याला फेरारी 360 मोडेना भेट दिली आणि ती मायकल शूमाकरच्या हस्ते त्याला मिळाली. मग आयात शुल्काचा प्रश्न आला. सरकारनं सुमारे 1 कोटी 13 लाखांचं शुल्क माफ केलं, त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि अखेर ती रक्कम फियाटनं भरली. म्हणजे फुकट मिळालेली गाडीसुद्धा एवढ्याला पडते. तो वाद बाजूला ठेवून फक्त गाडी पाहा. आठ सिलिंडर, 400 अश्वशक्ती, ताशी 290 च्या पुढे जाण्याची तयारी. तिच्या सहापैकी दुसऱ्या गिअरमध्येच ताशी 100 चा आकडा येतो. आपल्या चौपदरी महामार्गावर मोटारीला फार तर तेवढाच वेग कायद्यानं मिळतो, अनेक ठिकाणी त्याहून कमी. उरलेले चार गिअर कुठे वापरायचे? शिवाय गतिरोधक आहेतच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधकाची उंची 10 सेंटिमीटर असावी. अशा गाड्यांचं पोट जमिनीपासून साधारण तेवढंच वर असतं, आणि आपल्याकडचे गतिरोधक नियम वाचून बांधलेले नसतात, हे विजापूर रोडला राहणाऱ्यांना सांगायला नको.

याउलट शंभर अश्वशक्तीच्या आतबाहेरची, टनाच्या आसपास वजनाची गाडी घ्या. तिचा दुसरा गिअर, तिसरा गिअर पूर्ण वापरता येतो, इंजिनाचा आवाज चढत जाताना ऐकता येतो, तुळजापूरच्या घाटात स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो, आणि हे सगळं कायद्याच्या मर्यादेत. जपानच्या माझदा कंपनीनं 1989 साली एमएक्स-5 ही दोन सीटची छोटी गाडी काढली ती याच विचारानं. 1600 सीसीचं इंजिन, ताकद सव्वाशेच्याही आत, वजन टनाहून कमी. जगात सर्वांत जास्त खपलेली दोन सीटची उघडी स्पोर्ट्‌स कार म्हणून आज तिचंच नाव घेतात. आपल्याकडे गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्मची कल्पना तीच होती. फायबरचं अंग, रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन, साठ अश्वशक्ती. ती चालली नाही, कारण त्या पैशांत चार दारांची गाडी येत होती आणि घरात चार माणसं होती. कल्पना चुकीची नव्हती, वेळ चुकीची होती. आज तोच आनंद हवा असेल तर चाकणला तयार झालेली एखादी जुनी पोलो किंवा पहिल्या पिढीतली स्विफ्ट चांगली आहे. फक्त जुनी गाडी घेताना विमा आपल्या नावावर करून घ्यायला 14 दिवसांत अर्ज करायचा असतो, तेवढं लक्षात ठेवा. अपघात झाल्यावर ही आठवण येऊन उपयोग नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो सुरक्षिततेचा. मोठी, जड, उंच गाडी असली की माणूस वाचतो, असं घराघरात बोललं जातं, आणि हे अगदीच खोटं नाही. दोन गाड्या समोरासमोर आदळल्या तर हलक्या गाडीतल्या माणसाला जास्त मार बसतो, हे पदार्थविज्ञान आहे. म्हणूनच हलकी गाडी म्हणजे जुनाट, पट्टा नसलेली गाडी असं मी म्हणत नाही. एअरबॅग हव्यात, एबीएस हवं, चाचणीत मिळालेले तारे पाहूनच गाडी घ्यावी. पण वजनाची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. उंच आणि जड गाडीचा तोल वळणावर लवकर जातो, आणि आत बसलेल्याला वेग जाणवत नाही. शांत काचा, मऊ सीट, गाणी चालू, आणि काटा 120 वर. ताशी 100 ला, चांगल्या ब्रेकनं आणि कोरड्या रस्त्यावर, धोका दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत सुमारे 85 मीटर जातात. त्यातले 28 मीटर नुसते पाय ब्रेकवर जाईपर्यंत संपतात. 120 ला हाच आकडा 115 च्या जवळ जातो. आता गळीत हंगामातली रात्र डोळ्यांसमोर आणा. मोहोळच्या पुढे, डाव्या लेनमध्ये, ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला. समोरून वाहन येतंय म्हणून तुम्ही डिपर दिलाय. डिपरचा उजेड पन्नास-साठ मीटर पोचला तर खूप. म्हणजे ती ट्रॉली तुम्हाला दिसते तेव्हा थांबायला जागाच उरलेली नसते, मग गाडी दोन टनांची असो की एक टनाची. आणि हे कशासाठी? पुणे-सोलापूर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. सलग 100 नं आलात तर अडीच तास, सलग 120 नं आलात तर दोन तास पाच मिनिटं. वाचली पंचवीस मिनिटं, तीही कागदावर. वाटेतले टोलनाके, भिगवणचे मासे आणि लांबोटीचा चिवडा यांचा हिशेब त्यात धरलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोक म्हणतात, ही हौसच घातक आहे. हौशी माणसंच रस्त्यावर जीव घेतात. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेनं दोन तरुण अभियंते गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा दारूच्या अंमलाखाली चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. निकाल न्यायालय देईल. पण त्या वेळी आणखी एक गोष्ट छापून आली होती. त्या महागड्या गाडीची नोंदणीच पुरी झाली नव्हती, आणि त्यासाठी भरायची राहिलेली फी होती 1758 रुपये. मला त्या बातमीत हाच आकडा सगळ्यात जास्त बोलका वाटतो. गाडी चालवण्याची हौस असलेल्या घरात आधी कागद, परवाना आणि टायर बघितले जातात. ज्या घरात गाडी दाखवण्यासाठी येते, तिथे किल्ली कोणाच्या हातात गेली हेही बघितलं जात नाही. मोटार कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. तरी दहावीच्या निकालानंतर आपल्याच गल्लीत काय दिसतं, ते मी सांगत नाही. कल्याणीनगरची ती पोर्शे इलेक्ट्रिक गाडी होती, दोन टनांहून जड, आणि पाय दाबला की काही क्षणांत शंभरी गाठणारी. इलेक्ट्रिक गाड्यांशी माझं वैर नाही. शहरात त्या उत्तमच आहेत. मात्र वेग एवढा सहज मिळू लागला की तो कमावण्यासाठी लागणारी शिस्त अंगी येत नाही, आणि माझी तक्रार नेमकी इथे आहे. वेगाची भूक खरीच असेल तर तिची जागा ट्रॅकवर आहे. कोल्हापूरला गो-कार्टचा ट्रॅक आहे. त्याच कोल्हापुरातला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. तिथे शर्यत जिंकली तरी बक्षीस कोणी देत नाही.

तिसरा आक्षेप, की गिरण्या बंद पडलेल्या, टँकरनं पाणी पिणाऱ्या जिल्ह्यात असल्या हौसेची भाषा कशाला? हा प्रश्न ज्यांच्या दारात तीस-चाळीस लाखांची गाडी उभी आहे आणि हप्ते अजून चालू आहेत, त्यांना आधी विचारावा. मी सांगतो ती हौस त्याच्या पाव किमतीत होते, पेट्रोल निम्मं पिते, आणि गॅरेजवाला इथेच मिळतो.

आता शेवटचं, आणि हे करायला नवी गाडी लागत नाही. तुमची आणि रस्त्याची गाठ पडते ती टायरखाली, प्रत्येक चाकामागे तळहाताएवढ्या तुकड्यावर. गाडी पन्नास लाखांची असो की दोन लाखांची, तुकडा जवळपास तेवढाच. सोलापूरच्या मे महिन्यात, काँक्रीटच्या रस्त्यावर, हवा कमी असलेला जुना टायर फार लवकर तापतो आणि फुटतो. नक्षी शाबूत दिसते, पण रबर वाळलेलं असतं, म्हणून वरवर कळत नाही. टायरच्या बाजूला, लंबगोल चौकटीत, चार आकडे कोरलेले असतात. 2319 असं असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. उद्या सकाळी, गाडी थंड असताना, पंपावर हवा बघून घ्या, आणि खाली वाकून ते चार आकडे वाचा. पाचही टायरांचे वाचा. स्टेपनी सगळ्यात जुनी निघते.