राऊटरच्या दोन किल्ल्या



२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. त्याचा माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर. तिथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थांचं वाय-फाय उघडं होतं आणि ते वापरून भलत्याच कुणी तो मेल पाठवला होता. चौकशीचा ससेमिरा मात्र त्या गृहस्थांच्या मागे लागला. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्यातलं एक महाविद्यालय आणि चेंबूरमधली एक कंपनी यांचं वाय-फायही अशाच मेलसाठी वापरलं गेलं.

असं का होतं? आपल्या घरात चार फोन, एक लॅपटॉप आणि एक टीव्ही इंटरनेटला जोडलेले असतील. पण बाहेरच्या जगाला सहसा एकच पत्ता दिसतो, तो आपल्या राऊटरचा. जोडणी आपल्या नावावर असते. वाय-फायच्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. त्या जिन्यात, पार्किंगमध्ये, समोरच्या इमारतीतही पोहोचतात. तिथे बसून कुणी काही उद्योग केला, तर पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता आपलाच लागतो.

राऊटरला दोन किल्ल्या असतात, हे आज मला मुख्यतः सांगायचं आहे. पहिली वाय-फायचा पासवर्ड. ही आपल्या सगळ्यांना माहीत असते, कारण पाहुणा आला की चहाआधी तीच मागतो. दुसरी किल्ली खुद्द राऊटरची. त्याच्या आतल्या सगळ्या व्यवस्था बदलण्याचा अधिकार या किल्लीने मिळतो. पुष्कळ घरांत ही दुसरी किल्ली कारखान्यातून आली तशीच असते : नाव ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’.

आधी पहिलीबद्दल. वाय-फायसाठी सुरुवातीला आलेली ‘वेप’ ही पद्धत २००१ मध्येच फोडली गेली. २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ आली आणि २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए-३’. आपल्या राऊटरवर तिसरी असेल तर ती निवडा, नसेल तर दुसरी. ‘वेप’ किंवा ‘ओपन’ असं दिसलं तर आजच बदला.

पद्धत चांगली असली तरी पासवर्ड दुबळा असून चालत नाही. फोन राऊटरला जोडला जाताना दोघांत जी देवाणघेवाण होते, ती डब्ल्यूपीए-२ मध्ये जवळपास बसलेल्याला टिपून घेता येते. मग तो आपल्या संगणकावर सावकाश अंदाज करत बसतो. दहा आकडी मोबाइल क्रमांक हा अशा ताकदवान संगणकाला काही तासांचा खेळ आहे. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. ‘कंदील’, ‘भोपळा’, ‘इस्त्री’, ‘पाऊस’ अशा धर्तीचे. पण हेच नकोत, ते आता सगळ्यांनी ऐकले!

राऊटरवर ‘डब्ल्यूपीएस’ नावाचं बटण असतं. त्याच्यासोबतच्या आठ आकडी पिनची गंमत ऐका. शेवटचा आकडा केवळ पडताळ्याचा असतो. शिवाय राऊटर पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि उरलेले वेगळे. त्यामुळे कोट्यवधी शक्यतांऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. हा दोष २०११ च्या अखेरीस उघड झाला. ही सोय बंद करून टाका. वाय-फायचं नाव लपवण्याचा सल्लाही काही जण देतात, पण साध्या साधनांनी ते नाव सापडतं. त्यावर विसंबू नका.

आता दुसरी किल्ली. ही परक्याच्या हाती गेली तर काय होतं? २०११ च्या सुमारास ब्राझीलमध्ये सुमारे ४५ लाख मोडेममध्ये शिरून चोरांनी ‘डीएनएस’ची नोंद बदलली. डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी. तीच बदलली, की आपण बँकेचं नाव अचूक टाइप केलं तरी पोहोचतो चोराने मांडलेल्या हुबेहूब पानावर. तिथे मोडेमच्या प्रोग्राममधला एक दोष चोरांच्या उपयोगी पडला होता. असे दोष कंपन्या नव्या आवृत्तीत दुरुस्त करतात. तिला ‘फर्मवेअर अपडेट’ म्हणतात. ते आपोआप होण्याची सोय असेल तर चालू ठेवा.

२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामला तर दोषही शोधावा लागला नाही. कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या त्याच्याजवळ होत्या. त्या लावून पाहत त्याने लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्याकरवी झालेल्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येकांना काही तास मिळेनाशा झाल्या. त्या उपकरणांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता.

तेव्हा कागद-पेन्सिल घ्या. राऊटर उलटा करून तळाची चिठ्ठी वाचा. तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असतो. घरच्या वाय-फायला जोडलेल्या फोनच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो टाका. राऊटरचं पान उघडेल. पहिलं काम, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. दुसरं, वाय-फायचा पासवर्ड आणि पद्धत तपासा. तिसरं, डब्ल्यूपीएस आणि ‘रिमोट मॅनेजमेंट’, म्हणजे बाहेरून राऊटर चालवण्याची सोय, बंद करा. चौथं, ‘गेस्ट नेटवर्क’ असेल तर ते पाहुण्यांसाठी चालू करा, त्यालाही पासवर्ड ठेवा. टीव्ही आणि कॅमेरेही त्यावरच जोडावेत. आपला फोन आणि बँकेचे व्यवहार मुख्य जोडणीवर राहू द्या. काही कंपन्या ग्राहकाला हे पान उघडू देत नाहीत. तिथे ग्राहकसेवेला फोन करून हीच कामं करून मागा.

नवे पासवर्ड विसरण्याची भीती वाटते? घरातल्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा. जिन्यात बसून वाय-फाय चोरणाऱ्याला आपल्या कपाटातली वही वाचता येत नाही. आणि नवी जोडणी घेत असाल, तर ती बसवायला आलेल्या माणसाला चहा द्या, पण दुसरी किल्ली बदलून घेतल्याशिवाय त्याला दाराबाहेर जाऊ देऊ नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)