बरणीतलं उरलेलं सावरडो आणि आजीचं थालीपीठ

पनवेलहून मी पुन्हा एकदा तुमच्यासोबत. आजचा विषय कोडिंगचा नाही, किचनचा आहे. पण त्यात एक बग आहे, आणि तो मी स्वतः तीन महिने चालू ठेवला होता.

तर झालं असं. वर्क फ्रॉम होममुळे हार्बर लाईनचे रोजचे तीन तास वाचले आणि मला सावरडो ब्रेडचं वेड लागलं. सावरडो म्हणजे बाजारचं यीस्ट न घालता केलेला आंबट ब्रेड. त्यासाठी लागतो स्टार्टर. सोप्या भाषेत, पिठाचं विरजण. कणीक आणि पाणी समान वजनात कालवायचं, बरणीत ठेवायचं आणि रोज थोडं ताजं पीठ-पाणी द्यायचं. पिठातलेच यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू वाढतात. यीस्टमुळे फुगतं, जीवाणूंमुळे आंबट होतं. आपल्या आंबोळीच्या पिठात जे होतं, त्याचाच हा गव्हाचा भाऊ.

आता बग कुठे आहे बघा. माझ्याकडे ५० ग्रॅम स्टार्टर. त्यात ५० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम पाणी घातलं की झालं १५०. दुसऱ्या दिवशी सगळ्याला त्याच प्रमाणात खायला घातलं तर ४५०. तिसऱ्या दिवशी १३५०. चौथ्या दिवशी चार किलो! म्हणून काय करतात, तर रोज ५० ग्रॅम ठेवायचं आणि १०० ग्रॅम काढून टाकायचं. या काढलेल्याला म्हणतात डिस्कार्ड. नावातच टाकून द्या असं लिहिलंय, म्हणून मी टाकत होतो. थेट बेसिनमध्ये.

एकदा सकाळी आजी मागे उभी होती. आजी मूळची सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. ती म्हणाली, "आरं, हे काय वततुयास?" मी म्हटलं, "आजी, ते वेस्ट आहे." ती काहीच बोलली नाही. माझ्या हातातली बरणी घेतली, घोटभर पाणी घालून खळखळली आणि ते पाणी थालीपिठाच्या भाजणीत ओतलं.

थालीपीठ खाताना मी हिशेब केला. १०० ग्रॅम डिस्कार्डमध्ये ५० ग्रॅम पीठ. महिन्याला दीड किलो. तीन महिन्यांत साडेचार किलो पीठ मी पनवेलच्या गटारात सोडलं होतं.

आणि आजीसमोर. १९७२ च्या दुष्काळात आजीचं नुकतंच लग्न झालं होतं. दुष्काळी कामावर तिने खडी फोडली आहे. त्या वेळी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी लोक खात होते, कामावर सुकडी मिळायची. हे सगळं मी लहानपणापासून ऐकलंय, पण गोष्ट म्हणून. बेसिनपाशी उभं राहून पहिल्यांदा कळलं की ती परात धुतलेलं पाणीसुद्धा का टाकत नाही.

असो. सॉरी म्हणून झालं, आता सोल्युशनकडे येऊ.

पहिली गोष्ट, मुळात कमी बनवा. रोज ब्रेड करत नसाल तर फक्त २० ग्रॅम स्टार्टर ठेवा, २० ग्रॅम पीठ आणि २० ग्रॅम पाणी घाला, थोडं फुगू द्या आणि फ्रीजमध्ये टाका. आठवड्यातून एकदा खायला घाला. महिन्याला दीड किलो पीठ जात होतं, तिथे शंभर ग्रॅमसुद्धा जात नाही. शिवाय आपल्याकडचा मे महिना माहितीये ना? ओट्यावरचा स्टार्टर एक मीटिंग संपेपर्यंत फुगून खाली बसतो. युरोप-अमेरिकेतल्या व्हिडिओंमधलं टायमिंग पनवेलला चालत नाही.

दुसरी गोष्ट, एक फॉर्म्युला पाठ करा. १०० ग्रॅम डिस्कार्ड म्हणजे ५० ग्रॅम पीठ अधिक ५० मिली पाणी. कुठल्याही रेसिपीतून तेवढं पीठ आणि तेवढं पाणी कमी करायचं, बस्स.

आमच्याकडे सगळ्यात जास्त होतं ते थालीपीठ. एक वाटी भाजणी, १०० ग्रॅम डिस्कार्ड, बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर, हळद, ओवा, मीठ. आधी सगळं कालवा, मग लागलंच तर चमचाचमचा पाणी घाला. दहा मिनिटं झाकून ठेवा, थापा, मधे भोक पाडून तेल सोडा. आंबूस चव येते, ताक घातल्यासारखी. वरून लोणी.

दुसरं, घाईतलं धिरडं. १०० ग्रॅम डिस्कार्ड, तीन-चार चमचे तांदळाचं पीठ, जिरं, मिरची, मीठ आणि पातळ होईपर्यंत पाणी. बिडाच्या तव्यावर टाकून झाकण ठेवा. जाळी हवी असेल तर अगदी शेवटी चिमूटभर खायचा सोडा घाला. डिस्कार्ड आंबट असतं, सोडा त्याच्याशी लगेच रिॲक्ट होतो, म्हणून सोडा घातल्यावर रील बघत बसू नका, लगेच तव्यावर.

कांदाभजीच्या पिठातही दोन चमचे चालतं. फक्त पाणी जपून.

आता सेफ्टी, हे स्किप करू नका. नवीन स्टार्टर बनवत असाल तर पहिल्या आठवड्यातलं डिस्कार्ड खाऊ नका, तेव्हा त्यात नको ते जीवाणूही असतात. ते कुंडीतल्या खतात घाला. वर करडं पाणी आलं तर घाबरू नका, ढवळून टाका. पण गुलाबी किंवा केशरी रेघ, बुरशी, सडका वास यातलं काही दिसलं तर सगळंच फेका. तिथे अन्न वाया जाईल हा विचार करायचा नाही. डिस्कार्ड कच्चं चाखू नका, फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा. आणि ज्यांना गहू चालत नाही त्यांना सांगा, कारण तांदळाच्या धिरड्यातही आता गहू आहे.

आंबवणं आपल्याला नवीन नाहीच. गोव्यात पोदेर लोक पाव फुगवायला माडाची सूर वापरायचे, सान्नांतही सूरच. लॉकडाऊनमध्ये अख्ख्या जगाने सावरडो सुरू केला, तेव्हा आपल्या घराघरांत इडलीचं पीठ रात्रभर फुगतच होतं. मी मात्र पीठ आंबवायला इंग्रजी व्हिडिओ बघून शिकलो, आजीला एकदाही विचारलं नाही.

आता आमच्या फ्रीजमध्ये दोन बरण्या आहेत. एकीवर मी चिकटपट्टी लावून 'स्टार्टर' लिहिलंय. दुसरीवर 'डिस्कार्ड' लिहिलं होतं. आजीला वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. ती म्हणाली, "टाकायचं न्हाई तर तसं लिवलंयस कशाला?" मग ती चिकटपट्टी काढली. आता तिथे लिहिलंय 'थालीपीठ'.

तुमच्या घरी उरलेल्या पिठाचं काय करतात, आजीला किंवा आईला विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!